शाळेचा प्रकल्प: प्लॅनिंग तुम्ही कसं करता, आणि ते करायचं कोणी?

निळी_शाई
नमस्कार मंडळी. लेक नववीत, स्टेट बोर्ड. जलसुरक्षेचा प्रकल्प आलाय, चौघींचा गट, विषय "पाण्याशी संबंधित काहीही" आणि गणपतीच्या सुट्टीनंतर फाईल जमा करायची. आत्ता कुठे जुलै संपतोय म्हणजे वेळ भरपूर आहे असं चौघींचं म्हणणं आणि मला नेमकी त्याचीच धास्ती. व्हॉट्सॅप ग्रुप निघालाय, त्यावर आत्तापर्यंत काय काय ठरलं तर ग्रुपचं नाव, ग्रुपचा डीपी आणि फाईलच्या कव्हरचा रंग (निळा, कारण पाणी). प्रकल्पाचं नाव "पाणी वाचवा". काल विचारलं की बायांनो करणार काय नक्की, तर म्हणे "माहिती काढणार". कुठून? "नेटवरून."

मी ऑफिसात वर्षभर वेळापत्रकंच लावत असते त्यामुळे हात शिवशिवतायत, एक तक्ता करून हातात द्यावा असं वाटतं. नवरा म्हणतो मध्ये पडू नकोस. तुमच्याकडे काय पद्धत आहे? विषय ठरवणं, कामं वाटणं, तारखा, हे मुलं करतात की तुम्ही? आणि मुलं करत असतील तर ते त्यांना शिकवलं कसं?

खवचट_खारीक
शाळेजवळच्या स्टेशनरीवाल्याकडे जा, "पाणी वाचवा" म्हणायचा अवकाश, तो चार्ट, थेंबाला डोळे काढलेलं चित्र आणि प्रस्तावनेचा प्रिंटआउट असं सगळं गुंडाळून देतो. प्लॅनिंग त्याचं पक्कं असतं, जूनमध्येच माल भरतो.

फळा_डस्टर
खारीकराव, तुम्ही हसता पण त्या दुकानाचे गिऱ्हाईक मला दरवर्षी तपासावे लागतात :) मी विज्ञान शिकवतो, एका तुकडीत साठच्या आसपास मुलं. पंधरा गटांच्या फाईली येतात आणि त्यातल्या निम्म्यांची प्रस्तावना शब्दशः एक असते, आता चॅटजीपीटीमुळे शब्द वेगळे पण मजकूर तोच. मग मी फाईल मिटून ठेवतो आणि मधलं कुठलंही पान काढून एकच विचारतो, "हा आकडा कुठून आणला?" ज्यांनी काही मोजलंय ती मुलं बोलायला लागली की थांबत नाहीत, बाकीची एकमेकांकडे बघतात.

निळी शाई ताई, "पाणी वाचवा" ही भिंतीवर रंगवायची घोषणा झाली, त्यात शोधायचं काय? मुलींना म्हणावं शेवटी प्रश्नचिन्ह येईल असा विषय सांगा. उदाहरणार्थ, आपल्या शाळेतल्या गळक्या नळांतून दिवसाला किती पाणी जातं? साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. सेकंदाला एक थेंब म्हटलं तर दिवसाचे ८६,४०० थेंब, म्हणजे चार लिटरच्या वर पाणी, एका नळाचं. हे झालं पाठ्यपुस्तकी गणित. प्रत्यक्षात नळ असा शिस्तीत गळत नाही आणि खरी मजा तिथून सुरू होते.

प्रश्न एकदा बारीक झाला की तक्ता आपोआप पडतो. नळ किती, कुठले, कधी मोजायचे, कशाने मोजायचे, परवानगी कोणाची. त्याआधी केलेलं वेळापत्रक म्हणजे नुसत्या तारखा.

उलटी_गिनती
मास्तरांना अनुमोदन. पण तारखा पण लागतातच हो. मी प्रोजेक्ट मॅनेजर आहे, पोराला एकच गोष्ट शिकवली, शेवटापासून मागे मोजायचं. फाईल द्यायचा दिवस सोमवार, तर स्पायरल बाइंडिंग शुक्रवारी, कारण शनिवारी दुकानात तोबा गर्दी. प्रिंट गुरुवारी. लिहून झालं पाहिजे मंगळवारी म्हणजे बुधवार चुका काढायला. त्याच्याही मागे गणपती. तो अख्खा आठवडा कॅलेंडरवर काट मारून टाका, गौरी जेवणाच्या दिवशी कोण नळ मोजणारे? घटक चाचणी असेल तर तेही दिवस गेले. एवढं करून जे उरतं ना ते मुलांना दाखवा, "वेळ भरपूर आहे"वाला चेहरा तिथल्या तिथे उतरतो. आमच्याकडे हे सगळं ट्रेलोवर (कामांच्या याद्या लावायचं ॲप) आहे, कामाप्रमाणे रंग.

खवचट_खारीक
ट्रेलोवर. नववीतलं पोरगं. संध्याकाळी स्टॅण्डअप मीटिंग पण घेता का वरणभातावर?

उलटी_गिनती
रविवारी घेतो. पोह्यांवर.

रानभाजी
मी बालविज्ञान परिषदेला मुलं नेलेली आहेत (राष्ट्रीय बालविज्ञान परिषद, १९९३ पासून चालू आहे, १० ते १७ वयाची मुलं घेतात) तिथली एक गोष्ट सांगते, शाळेच्या प्रकल्पालाही उपयोगी आहे. नोंदवही. परीक्षक चार्ट बघायच्या आधी नोंदवही मागतात. आणि ती चुरगळलेली, पेनाने खाडाखोड केलेली, एखाद्या पानावर पाणी सांडलेलं अशीच पाहिजे. शेवटच्या रात्री सुवाच्य अक्षरात उतरवून काढलेली वही लगेच कळते, सगळ्या पानांना एकाच पेनाची शाई!

आमच्या गटाने ओढ्याच्या पाण्याचं काम केलेलं. पहिल्या पानावर मुलांनी काय लिहिलं होतं तर "आपल्याला काय माहीत नाही" त्याची यादी. ओढ्यात उतरायला चालेल का, पाऊस आला तर काय, गुरं धुवायला लोक किती वाजता येतात. त्या यादीतूनच पुढची कामं निघाली. मी तक्ता वगैरे काही दिला नव्हता.

कोरा_कागद
मला कळत नाही एवढं नियोजन कशासाठी. पोरं आहेत ती, कंपनी काढायची नाहीये त्यांना. आम्ही दिवाळीत किल्ले केले, कोणी तारखा घातल्या होत्या? शाळेला सुट्टी लागली की माती, दगड, विटा, पोत्याचं गोणपाट, की झाला किल्ला. पडला तर परत करायचा. आईबाप ढुंकूनही बघायचे नाहीत. आताची पोरं स्वतःहून काही करत नाहीत कारण घरात दोन दोन मॅनेजर बसलेत. निळी शाई ताई, नवऱ्याचं ऐका.

आजीचा_बटवा
कोरा कागद, किल्ल्यावर हिरवळ यायला अळीव टाकत होतात ना? मग ते किल्ला बांधायच्या दिवशी टाकून वसुबारसेला उगवलं का कधी? चार पाच दिवस आधी पेरावं लागतं, पेरण्याआधी माती नीट बसावी लागते, आणि रोज हातानेच पाणी शिंपडायचं, तांब्याने ओतलं की अळीव वाहून खाली खंदकात जमा. हे तुम्हाला गल्लीतल्या कोणीतरी थोरल्या पोराने सांगितलं असणार. मग प्लॅनिंग नव्हतं कसं? ते त्या पोराच्या डोक्यात होतं, कागदावर नव्हतं एवढंच.

कोरा_कागद
आजी, बरोबर पकडलंत. आमच्यात तो थोरला म्हणजे वरच्या मजल्यावरचा दादा, त्याला सगळे घाबरायचे. पण तो आठवीतला होता हो, कोणाची आई नव्हती. माझा मुद्दा तोच.

गडवेडी
किल्ल्याचं निघालंच आहे तर.. आम्ही एका वर्षी सोसायटीत राजगड केला, नकाशा घेऊन. तीन माच्या, पद्मावती सुवेळा संजीवनी, मधे बालेकिल्ला. ठरवताना कोणाच्या लक्षातच आलं नाही की माच्या तीन दिशांना लांबच लांब जातात आणि आमची जागा होती जिन्याखालची, एका बाजूने भिंत. संजीवनी माची निम्मी कापावी लागली आणि त्यावरून दोन मुलांचं इतकं वाजलं की पुढच्या वर्षी जंजिरा करायचं ठरलं, बेट असल्यामुळे कुठे टोकं निघत नाहीत!! बायका पाणी भरताना बादल्या ओतून समुद्र करून द्यायच्या.

मराठी_मिशिगन
गडवेडी, हाहा. इकडे किल्ले नाहीत पण सायन्स फेअर आहे. मुलाला शाळेतून सुरुवातीलाच एक कागद येतो, त्यावर टप्पे आणि तारखा छापलेल्या. प्रश्न काय तो अमुक तारखेला, अंदाज काय, कृती काय, मग नोंदी, शेवटी तीन घड्यांचा बोर्ड. टप्प्याटप्प्याला पालकांची सही. बेकिंग सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी आमच्या बाईंनी आधीच बाद केलेला, कारण त्यात काय होणार हे करायच्या आधीच माहीत असतं, बदलून बघण्यासारखं काही ठेवलेलं नसतं. मोठ्या मुलांची ती आयसेफ (आंतरराष्ट्रीय विज्ञान प्रकल्प) स्पर्धा असते त्यात तर माणसांवर सर्व्हे करायचा असला तरी काम सुरू करायच्या आधी समितीची परवानगी लागते, नंतर आणलेली चालत नाही.

पण खरं सांगू, तारखा छापून आल्या म्हणून मुलगा प्लॅनिंग शिकला असं मला वाटत नाही. तो तारखा पाळायला शिकला. हे वेगळं.

कोयनाकाठ
आमच्याकडे पाऊस इतका की विषय शोधायला लागत नाही. नळ नको असेल तर पर्जन्यमापक करा. सरळ उभ्या भिंतीची पाण्याची बाटली घ्यायची, वरचा भाग कापून उलटा बसवायचा नरसाळ्यासारखा. बाटलीचा तळ खड्डे खड्डेवाला असतो म्हणून तळाशी थोडं पाणी भरून तिथे शून्याची खूण करायची, पट्टी तिथून लावायची. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एवढं कळलं की शाळेच्या गच्चीवर किती पाणी पडून वाहून गेलं ते पोरं स्वतः काढतात.

फक्त हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, त्यांच्या आकड्याशी ताडून बघायचं तर रोज साडेआठलाच मोजायला पाहिजे. आमच्या पोरांची शाळा सकाळची. साडेआठला ती वर्गात. मग आज्ज्यांना कामाला लावलं, आणि एका आजीने "आज फार नव्हता" अशी नोंद केली :D

आजीचा_बटवा
आजीला बोलायचं काम नाही. तिला पट्टी दिसत नसेल.

बाकी ते पाऊस मोजणं म्हणा नाहीतर पानं, निसर्गाच्या वेळेने जे होतं ते आधी सुरू करायचं. आम्हाला शाळेत पानांचा संग्रह असायचा. जुन्या वर्तमानपत्रात पानं ठेवून वर गादी. दर दोन दिवसांनी कागद बदलायचा नाहीतर बुरशी येते, पावसाळ्यात तर रोज. मैत्रिणी सहामाहीच्या आदल्या रात्री पानं गोळा करायच्या आणि इस्त्री फिरवायच्या त्यावर, पिंपळाचं पान इस्त्रीखाली काळं पडतं. रंगवणं, चिकटवणं, कव्हर हे एका रात्रीत होतं. वाळणं, उगवणं, साठणं होत नाही.

उलटी_गिनती
आजींनी एका परिच्छेदात जे सांगितलं त्यासाठी कंपनीने मला दोन दिवसांचं ट्रेनिंग दिलं होतं, जेवणासकट.

दोन_वेण्या
गटाचं कोणी बोलतच नाहीये. मी त्या गटातली मुलगी होते जी सगळं करायची. चार नावं फाईलवर, एक राबणार, एक फक्त चित्र काढणार, एक कार्डशीट आणून देणार आणि एकीचे बाबा प्रिंट काढून देणार की झालं तिचं काम. ताई तुमच्या लेकीच्या गटात हे आत्ताच बघा. कामं वाटताना "तू लिही, तू काढ" असं वाटलं की मोजणं बरोबर एकीच्या गळ्यात पडतं. मोजायला चौघींनी जायचं, बाकी काय वाटायचं ते वाटा.

मराठी_मिशिगन
मला हे पटत नाही. जिला चित्र काढायला आवडतं तिला काढू दे की. मोठेपणी तरी कुठे सगळे सगळं करतात.

दोन_वेण्या
मोठेपणी पगार मिळतो.

फळा_डस्टर
दोघींचंही धरून मी एक करतो. वाटणी त्यांची त्यांना करू देतो, पण तोंडी घेताना चित्रवालीला आकडे विचारतो आणि आकडेवालीला चित्र समजावून सांग म्हणतो. हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो. मग त्या आपापसात शिकवतात, मला काही करावं लागत नाही.

बाबाच_विद्यार्थी
माझा थोडा वेगळा सूर. मुलाचा होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेचा कृतिसंशोधन प्रकल्प चालू होता तेव्हा (तिथे लेखी, मग प्रात्यक्षिक, आणि ते पार पडलं की प्रकल्प आणि मुलाखत) तो खरोखर मनापासून करत होता, रोज नोंदी, सगळं. त्याच महिन्यात शाळेने हस्तकलेचं काहीतरी काढलं, आगगाडी की काय. ती आगगाडी मी केली. पूर्ण. पुठ्ठा कापण्यापासून. आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. पोराच्या दिवसात तास तेवढेच आहेत, कुठल्या प्रकल्पात जीव ओतायचा आणि कुठला नुसता उरकायचा हे ठरवणं पण नियोजनच की. मला "अ" श्रेणी मिळाली.

खवचट_खारीक
आगगाडीला की तुम्हाला?

बाबाच_विद्यार्थी
मला. चाकं फिरत होती.

गडवेडी
थर्माकोलची केली का? आमच्याकडे २०१८च्या बंदीनंतर थर्माकोल मिळेनासा झाला, तेव्हापासून पुठ्ठ्याला सोन्याचा भाव, वाण्याकडे खोकी आधी सांगून ठेवावी लागतात.

निळी_शाई
मंडळी, किती लिहिलंत! मधे घरी पाहुणे होते म्हणून येता आलं नाही. तर अपडेट. तक्ता दिला नाही (कोरा कागद खूश). फक्त फळा डस्टर सरांचं प्रश्नचिन्हाचं वाक्य जेवताना सहज टाकलं आणि कॅलेंडरवर गणपतीवर काट मारून फ्रिजवर लावलं, बाकी गप्प.

चौघींनी शाळेतले नळ घेतले. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं ते छोटं माप असतं ना, ते आणि मोबाईलचं स्टॉपवॉच. पहिल्याच दिवशी मुलींच्या स्वच्छतागृहाबाहेरचा नळ, तीन मिनिटांत ४५ मिलि. म्हणजे मिनिटाला १५, म्हणजे दिवसाला २१.६ लिटर. घरी येऊन हे इतक्या जोरात सांगितलं की शेजारच्या काकूंनी आमचाच नळ गळतोय समजून विचारलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मोजलं तर तोच नळ निम्म्यावर. भांडण! तू चुकीचं मोजलंस, नाही तू. मग एकीच्या लक्षात आलं की सकाळी गच्चीवरची टाकी काठोकाठ भरलेली असते आणि मधल्या सुट्टीपर्यंत रिकामी होत आलेली असते, म्हणून जोर कमी. आता दिवसातून तीन वेळा मोजायचं ठरलंय आणि तो तक्ता त्यांनी स्वतः आखलाय, वाकडातिकडा.

पण खरी गंमत पुढे. कोणीतरी शिपाईमामांना सहज विचारलं, मामा रात्री पण गळतो का हो? मामा म्हणाले, मी शाळा बंद करताना टाकीचा कॉकच बंद करतो, सकाळी येऊन उघडतो. म्हणजे २४ तासांनी गुणणंच गेलं! सगळं गणित परत. लेक तणतणत होती, "हे आधी का नाही सांगितलं त्यांनी". मी म्हटलं आधी विचारलंत का.

रानभाजी
शिपाईमामांचं बोलणं नोंदवहीत लिहायला सांगा, तारीख घालून. आणि २१.६ खोडू नका म्हणावं, त्यावर एक रेघ मारा आणि शेजारी कारण लिहा. तेच पान सगळ्यात भारी होणार.

फळा_डस्टर
ताई, मी त्या शाळेत नाही पण मला ती फाईल बघायचीय. मामांना विचारणं हे एकाही तयार प्रकल्पात नसतं.

कोरा_कागद
मी म्हटलं होतं पोरांना सोडा म्हणून.

उलटी_गिनती
सोडलं कुठे, गणपतीवर काट तर मीच सांगितली होती.

निळी_शाई
:) :) तुम्ही दोघं पोह्यांवर भेटा. आता माझा मूळ प्रश्न परत विचारते कारण गाडी पुन्हा तिथेच आलीय. आकडे येतायत, उत्साह आहे, पण लिहिणं कोणी सुरू करत नाहीये. "सगळे आकडे आले की लिहू" असं चाललंय आणि सुट्टी जवळ आली. इथे मी बोलावं का? की बोट ठेवायचं नाही?

दोन_वेण्या
बोला. लिहिण्यातलं निम्मं आत्ताच होतं. प्रश्न काय होता, साधन काय, नळ कुठले, आकृती. त्याला आकड्यांची वाट बघायची गरज नाही. मुलींना फक्त एवढं विचारा, आत्ता काय काय लिहिता येईल? उत्तर त्यांनाच देऊ दे.

बाबाच_विद्यार्थी
पैसे, रिक्षा, कटर आणि मुख्याध्यापकांकडे जायची हिंमत, एवढं पालकांचं. बाकी त्यांचं. (आगगाडी सोडून.)

कोयनाकाठ
एक विचारू का. एवढे नळ मोजले, वायसर बदलला का कोणी? दहा पंधरा रुपयाचं काम आहे.

निळी_शाई
मुलींनी शाळेत सांगितलं. अर्ज द्या म्हणाले. अर्ज दिलाय, सहीला गेलाय.

खवचट_खारीक
अर्ज फिरतोय तोवर किती लिटर गेलं तेही मोजायला सांगा. वेगळा प्रकल्प होईल.

फळा_डस्टर
थांबा, कोयनाकाठ यांनी फार कामाचं सांगितलं. सगळे नळ एकदम दुरुस्त करू नका! चारातले दोन बदला, दोन तसेच ठेवा, आणि चारही परत मोजा. टाकीमुळे फरक पडला की वायसरमुळे हे त्याशिवाय कळणार नाही. तसेच ठेवलेले दोन फाईल दिल्यावर बदला.

निळी_शाई
सर हे भारी आहे, आज रात्रीच सांगते. वर्गणी काढतील त्या. पण मग प्लंबर गणपतीच्या आधी यायला पाहिजे म्हणजे सुट्टीपूर्वी मोजायला निदान तीन दिवस मिळतील. आणि शाळेच्या वेळात तो आला तर मुलांची गर्दी.

उलटी_गिनती
रविवारी बोलवा. पण शिपाईमामांना आधी सांगून ठेवा, कॉक त्यांच्या हातात आहे. आणि प्लंबरला शनिवारी रात्री परत एकदा फोन, माझ्या अनुभवाने सांगतो.